शेजारणीच्या भिंतीतलं दार

आमच्या प्रयोगशाळेत पेशींचीही लग्नं लागतात. जिचा फोटो काढायचा ती नवरी आणि जिच्यावर आधी फोकस जुळवायचा ती शेजारीण. कारण आमचं सूक्ष्मदर्शक उजेडानं बघत नाही, हेलियमच्या आयनांचा झोत मारून बघतं. पेशीच्या आवरणावरची सुरकुतीन् सुरकुती दिसते, पण फार वेळ बघत बसलं की तीच जागा झिजून जाते. म्हणून डोळे फाडून बघायचं ते शेजारणीकडे. मग सरकायचं, नवरीवर एकदाच झोत फिरवायचा आणि बंद करायचं.

शेवटच्या नमुन्यात धड नवरी एकच उरली होती. ती गेली की माझी पीएचडी आणखी वर्षभर लांबणार, आणि तेवढे दिवस आईचं "कधी संपणार गं?" ऐकत बसावं लागणार.

नेमके तेव्हाच आमचे सर आले. सरांना स्वतः बघायचा भारी सोस.

"ऊठ, मला बघू दे. नवरी कोणती?"

मी बेधडक शेजारणीकडे बोट दाखवलं.

सर खुर्चीत ठाण मांडून बसले. "अजून जवळ... अजून जरा..." त्यांचा चहा गार झाला. मग ते ओरडलेच. "अगं, दार! आवरणात दार आहे! आजवर कुणी पाहिलेलं नाही हे!"

पडद्यावर एक चौकोनी भोक होतं, चारही कोपरे काटकोनात. एवढं नेटकं काम सुतारालाही जमलं नसतं.

"हे तुझ्या प्रबंधात अगदी पुढे घालायचं. थांब, संचालकांनाच सांगतो."

गप्प बसले तर त्या भोकाच्या जिवावर लोक मला डॉक्टर म्हणणार, बोलले तर सर मला कच्चं खाणार. त्यांनी फोन कानाला लावला आणि मला राहवेना.

"सर, ठेवा तो. ते दार तुम्हीच पाडलंत, झोत चौकोनातच फिरतो ना. आणि ती नवरी नाही, शेजारीण आहे. मी खोटं बोलले."

फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. सरांनी तो बंद केला.

"खोटं का बोललीस?"

"तुम्ही नवरीचीही हीच गत केली असती म्हणून."

सर उठले आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. मी नवरीवर सरकले, एकदाच झोत फिरवला. आवरणाची घडीन् घडी शाबूत होती. मला रडूच आलं.

सर पडद्यापाशी वाकले. सवयीनं त्यांचा हात आणखी जवळ नेणाऱ्या बटणाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला.

"झोत बंद कर आधी," ते म्हणाले. "मी अजून इथंच आहे."