आबांची साक्ष

सुनावणीला साडी कोणती नेसायची तेही वकिलाने मला सांगून टाकलं होतं. फार भारी नको, फार विटकी नको. "साहेबांना घरची बाई सोबत दिसली की बरं पडतं," म्हणाला. मी म्हटलं, "दारू यांनी प्यायची आणि नटायचं मी?" जीवन कसनुसा हसला. माझा नवरा असाच हसतो. त्या हसण्यावर भाळूनच मी मुकटीला नांदायला आले होते.

जीवन शाळेची व्हॅन चालवतो. गावातल्या पोरी सकाळी धुळ्याला न्यायच्या, दुपारी परत आणायच्या. त्यांत आमची लेक दिपमालाही असायची. एका संध्याकाळी व्हॅन धुऊन परत येताना नाक्यावर पोलिसांनी त्याला अडवलं, तोंडात नळी धरायला लावली आणि मशीनने काय ते दाखवलं. रात्रभर तो चौकीत होता. कोर्टात खटला उभा राहिला, आणि तो चालतोय तोवर आरटीओची नोटीस येऊन पडली: तुमचा परवाना निलंबित का करू नये, ते येऊन सांगा. "गाडी रिकामी होती," हे जीवन ज्याला त्याला सांगत फिरला. रिकाम्या गाडीखाली जसं कुणी मरतच नाही!

वकील मुरलेला होता. त्याने सरळ विचारलं, "घरात कुणी वजनदार माणूस आहे का?"

होता ना. माझे सासरे, सुपडू आबा. अंगात पांढरा सदरा, हातात काठी, आणि शब्द असा की बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, दोन्हीकडचे लोक म्हणायचे, आबांना विचारा. ते म्हणाले की झालं. विहारात रविवारी वंदना आबाच घ्यायचे. ते पुढे पंचशील म्हणत आणि सगळा वाडा मागून म्हणे. खोटं बोलणार नाही हे चौथं शील, दारूला शिवणार नाही हे पाचवं. इतर लोक नुसतं म्हणून घरी जात. आबा म्हणत आणि तसं वागतही.

जीवन त्यांच्या पायाशी बसला. "आबा, इतलंच सांगा, पोऱ्याले खोकला व्हता, औषध पेल व्हतं."

"मी खोटं बोलाव नही," आबा म्हणाले. बराच वेळ काठी जमिनीवर टेकवत राहिले. मग म्हणाले, "विहारमा बठ्ठास्ना समोर शील ले. मंग मी येसू."

रविवारी विहारात जीवन उभा राहिला. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, हात जोडलेले. पाचवं शील त्याने एकट्याने, मोठ्याने म्हटलं. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू. आबांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी विषय संपला होता. माणूस बुद्धासमोर उभा राहून बोलला म्हणजे आता तो तसाच वागणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. एवढं आयुष्य गेलं, पण सगळी माणसं आपल्यासारखी नसतात हे काही त्यांना कळलं नाही.

सुनावणीच्या दोन दिवस आधी व्हॅन झाडताना मला मागच्या सीटखाली बाटली सापडली. अर्धी भरलेली. ज्या सीटवर दिपमाला बसते, बरोबर तिच्याखाली. मी ती पदराखाली घेऊन थेट आबांकडे गेले.

"आबा, गाडीमा ही सापडनी."

त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "जुनी व्हई. शील लेल माणूस शे तो."

आरटीओ कचेरीतले साहेब तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी आबांना खुर्ची दिली. "बाबा, तुमची काय हमी?"

"साहेब, त्यानं पाचवं शील घेतलंय. तो आता पिणार नाही. मी सांगतो."

एवढंच. साहेबांनी पेन खाली ठेवलं. वकिलाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे काम झालं. साहेब म्हणाले, "पहिलीच वेळ आहे. ताकीद देऊन सोडता येईल." आणि सहज, केवळ रीत म्हणून, माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

माझ्या डोळ्यांपुढे ती सीट आली. मी म्हणाले, "साहेब, परवाच गाडीत बाटली सापडली. पोरी बसतात त्या सीटखाली."

वकिलाने कपाळाला हात लावला. जीवनने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला टेकले. आबा मात्र जीवनकडे बघत होते. "हाई खरं शे?" त्यांनी विचारलं. जीवनने नजर वकिलाकडे वळवली. आबा काठी टेकत उठले आणि कुणाचाही निरोप न घेता बाहेर निघून गेले.

सहा महिने परवाना निलंबित झाला. मला वाटलं, चला, सुटलो.

कसलं काय! परवाना कचेरीत जमा झाला आणि व्हॅन दारातच उभी राहिली. आठवड्याभरात जीवनने ती पुन्हा काढली. नाका टाळून शेतातल्या रस्त्याने न्यायला लागला. मी दिपमालाला एस.टी.त बसवलं. बाकीच्या आयांना दारोदार जाऊन सांगितलं, याच्याकडे परवाना नाही, याच्या तोंडाला वास येतो, पोरी पाठवू नका. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कमलबाई तेवढी तोंडावर बोलली, "मंग आमन्या पोरी शाळामा कश्या जातीन? एस.टी.ना काय भरोसा शे?" दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही पोरी व्हॅनमध्ये होत्या. जीवन माझ्याशी बोलायचा बंद झाला. आबा तर कुणाशीच बोलत नव्हते. रविवारी वंदनेलाही गेले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले.

मग ती सकाळ. पोरी व्हॅनमध्ये बसल्या होत्या. जीवन बाहेर आला तो पायरीवर अडखळला, रात्रीची अजून उतरली नव्हती. तसाच तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. आबा ओट्यावरून उतरले आणि चाकापुढे जाऊन उभे राहिले.

"उतर. नही ते मना आंगवरथून गाडी ली जाय."

जीवनने हॉर्न दाबून धरला. पोरींना तो खेळच वाटला, त्या मागे टाळ्या पिटायला लागल्या. मी "अहो, थांबा" म्हणत धावले. त्याला आबांना फक्त घाबरवायचं होतं, हे मी आजही मानते. पण तसल्या माणसाचा पाय कुठे थांबतो! व्हॅन जागची उडाली आणि आबा खाली गेले. टाळ्या एकदम बंद झाल्या.

मांडीचं हाड मोडलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना खाटेवर घेतलं. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, तसा एक हवालदार जबाब घ्यायला आला. जीवन दाराबाहेर भिंतीशी उकिडवा बसला होता, तोंड गुडघ्यात घालून. हवालदार पेन शोधत होता तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता.

"सपना, बोलू नको. जेलमा जाई तो."

"बोला बाबा, कसं लागलं?" हवालदाराने विचारलं.

आबांनी डोळे मिटले. "वट्टावरथून पडनू, साहेब."

वकिलासाठी नाही, परवान्यासाठी नाही, पोटच्या पोराने पाय धरले तरी जे तोंडातून निघालं नाही, ते असं निघालं, कण्हत, कुणी न मागता. एवढं मोठं माणूस माझ्यासमोर लहान झालं. मला जीवनची चीड आली आणि आबांची फार फार कीव आली. आबांच्या शब्दावर हवालदार लिहायला लागला. लिहून झालं असतं की उद्या सकाळी व्हॅन निघाली असती, मागे पोरी बसल्या असत्या आणि पुढे उभं राहायला आता कुणीच नव्हतं.

"ताई, तुम्ही होतात ना तिथे? ओट्यावरून पडले ना हे?"

मनगटावरची बोटं आवळली गेली. मला रडू फुटलं, पण मी ती बोटं एकेक करून सोडवली.

"नाही साहेब," मी म्हणाले. "आबा खोटं बोलताहेत."

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.