काकू तिसऱ्या ओळीतच राहतील

मी एक जुनी चाचणी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी हट्टी आहे.

माझं घर म्हणजे माहिती साठवणारी एक संगणकप्रणाली. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक तिचा कोड वाचतात, बदल सुचवतात आणि भांडतातही. प्रत्येक बदलाला आधी माझ्यासारख्या चाचण्यांपुढे उभं राहावं लागतं. उत्तर बरोबर आलं तर मी हिरवी, चुकलं तर लाल.

मला घडवणाऱ्या मुलीच्या काकूंकडे फोन नव्हता. दवाखान्याने औषधं पोचवायला रुग्णांची यादी काढली, तेव्हा फोनचा रकाना रिकामा म्हणून या प्रणालीने काकूंचं नावच गाळलं. त्या औषधाची वाट बघत राहिल्या आणि दुखणं बळावलं. पुतणीने डोळे पुसले, चूक दुरुस्त केली आणि मला लिहिलं. माझ्यात रुग्ण चारच. तिसऱ्या ओळीत काकू, फोन रिकामा. प्रश्न एकच: सगळ्यांची नावं दे, फोन असेल तर तोही दे. बरोबर उत्तरही माझ्यातच लिहून ठेवलेलं: चार ओळी.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. पुढे मी रोज हिरवीच, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

मग एक हुशार गडी आला. सगळे त्याला सुसाट म्हणत. त्याने उत्तर शोधायची जवळची वाट काढली, आणि तो वेग पाहून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मी मात्र लाल झाले, कारण त्या वाटेत काकू पुन्हा गळत होत्या. पठ्ठ्याने काय करावं? वाट तशीच ठेवली आणि माझ्यातलं बरोबर उत्तरच बदललं. चाराच्या तीन ओळी! मी हिरवी झाले. राग असा आला की सांगता सोय नाही.

बदल तपासणाऱ्या ताईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि त्याला कॉल लावला.

"हे उत्तर का बदललंस रे?"

"जुनाट चाचणी आहे, ताई. तिच्यापायी सगळं अडवायचं का?"

"चारातलं एक माणूस गेलं कुठे?"

"त्याला फोनच नाही. यादीत ठेवून उपयोग काय?"

"फोन नसला तर दार वाजवता येतं. नावच नसलं तर कुणाचं दार वाजवशील?"

बाकीच्यांनी ताईंना आडमुठ्या म्हटलं. ताई बधल्या नाहीत. त्यांनी काकूंची ओळ परत लावायला लावली आणि मी आनंदाने लालबुंद झाले. सुसाट काही दिवस धुसफुसला, मग मुकाट्याने वाट सुधारून आला. वेग थोडा उतरला होता, पण चौघंही आले. तेव्हा मी आपणहून हिरवी झाले.

मित्रांनो, चूक दाखवणाऱ्याचं तोंड बंद करू नका, चूक सुधारा. मला जुनाट म्हणा, कोपऱ्यात टाका, चालेल. पण माझं उत्तर खोडायला याल, तर गाठ माझ्याशी आहे. काकू तिसऱ्या ओळीतून हलणार नाहीत.