आठ घरांची पट्टी

टर्पेंटाइनचा वास.

पितळेवर कोरलेलं ‘मुख्याध्’.

खडूची निळी भुकटी चोळलेला दोरा. ताणून सोडला की टण्ण.

पडद्यावर आकडा: बारा.

"हलू नकोस ठमे, रेघ वाकडी येईल."

दारांवरच्या पाट्या करणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात तिचा प्रोग्राम लागून जेमतेम आठवडा झाला होता. पट्टीवर आठ घरं, एका घरात एक अक्षर. मजकूर लांबला की प्रोग्राम तो कापायचा. एका शाळेच्या मुख्याध्यापकांची पाटी त्यानं अशी कापली, की कोरणारे काका सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत होते.

"बघा, मुंडकं शाबूत, धड गायब!"

मालक हसले नाहीत. "पितळ खोडता येत नाही, ताई. तीन वाजता शाळेचा माणूस येतोय. तोवर जमलं तर ठीक. नाहीतर काका पूर्वीसारखं हातानं कोरतील, आणि तुझं मशीन आपण झाकून ठेवू."

चूक तिला दिसली होती. काना, उकार, पाय मोडल्याची खूण, सगळं संगणक सुटं सुटं मोजत होता. अक्षरं मोजणारं एक तयार फंक्शन तिनं लावलं. बाराचे सात झाले. पट्टीत मावलं, पण ‘ख्’ एका घरात आणि ‘या’ शेजारच्या. सख्ख्या भावंडांनी मधे भिंत घातल्यासारखं.

दुपारी तिनं बाबांना फोन लावला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस.

"बाबा, तुम्ही अक्षरं कशी मोजायचात?"

"एवढं शिकवलं, आणि मोजायला बापाला विचारतेस?" खोकला, मग हसू. "मोजायचो कुठे! डोळे बारीक करायचे. एक पुंजका दिसला की एक घर. चिकटून बसलेल्यांच्या मधे रेघ मारायची नाही, ठमे. झालं."

दुसरीतली ती, पालथ्या डब्यावर बसून दोऱ्याचं टोक धरलेली. शिडीवर बाबा, डोळे किलकिले, कानामागे ब्रश. बोटांच्या पेरांत बसलेला तो निळा रंग दोन-दोन आंघोळींनीही निघायचा नाही, आणि आई ओरडायची. आत्ता तिनं स्वतःची बोटं पाहिली. स्वच्छ होती.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"जेवते."

मग तिनं नियम लिहिला: पाय मोडलेलं अक्षर पुढच्याला चिकटलं, की दोघांचं घर एक. मु, ख्या, ध्या, प, क. पाच. तीन घरं उरली. ती तिनं दोन्ही बाजूंना दीड-दीड वाटली.

अडीच वाजता काकांनी नवी पट्टी उजेडात धरली. जरा वेळ डोळे बारीक केले. मग खिशातल्या फडक्यानं ती पुसली आणि म्हणाले, "पुढची लाव."

बाबांनी पहिली पाटी रंगवली, तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं.