पलंगाखालचा अभ्यास

आमच्या गावात संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो. तो वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, लेकरं अभ्यासाला. सरपंच रंगरावाची ही योजना.

दारीना आमच्या घरी आली त्या संध्याकाळीही वाजला. सहा वर्षांची पोर हातातली भाकर टाकून माझ्या लोखंडी पलंगाखाली शिरली, ती सकाळीच बाहेर आली. युक्रेनमध्ये तिच्या गावी भोंग्यामागून बॉम्ब यायचे.

माझा नातू संघपाल तिकडे डॉक्टरकी शिकायला होता. लढाई पेटली तेव्हा दारीनाच्या आईने, लेस्याने, त्याला आठ दिवस आपल्या इमारतीच्या तळघरात सांभाळलं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं. पुढे तिचंच घर पडलं, म्हणून संघपालने मायलेकींना इकडे बोलावलं. लेस्याचं काम लॅपटॉपवर होतं, पण पोर तिला क्षणभर सोडत नव्हती आणि कुणाशी अक्षर बोलत नव्हती. पोर शाळेत रमली नाही तर महिनाभरात ते काम जाणार होतं. त्यांनी आमचं लेकरू सांभाळलं, आता पाळी आमची.

शाळेचे भागवत गुरुजी म्हणाले, "आजी, नाव टाकतो. पण एकडाव तरी तिनं 'हजर' म्हनलं पाह्यजे. मी भिंतीची हजेरी कशी घेऊ?"

मी रंगरावाकडे गेले. "आठ दिवस भोंगा बंद ठेव, बापा."

"कसा ठेवू, जनकामाय? शुक्रवारी योजनेच्या बक्षिसाची कमिटी येऊन राह्यली. तिले समजावून सांगा ना, हा अभ्यासाचा भोंगा हाय म्हणून."

"त्यापरीस भोंग्यालेच सांग, जरा अभ्यासासारखा वाज म्हणून."

बाहत्तरच्या दुष्काळानंतर मी निंबाखाली बालवाडी चालवायचे. मी थाळी वाजवत गल्लीत शिरले की लेकरं कणगीमागे लपायची. तेव्हाच शिकले, लपलेलं लेकरू ओढून काढलं की दुसऱ्या दिवशी आणखी आत शिरतं. त्यापेक्षा आपणच आत जावं.

सोमवारी भोंगा झाला तशी मी पलंगाखाली गेले. शहात्तर वर्षांचं अंग, आत गेलं ते बाहेर निघेना. शेजारच्या कोकिळेची दोन लेकरं मला ओढायला आली आणि आतच रमली. मंगळवारी सात लेकरं झाली, दप्तरं घेऊन, एक टॉर्च घेऊन. दारीना बोलली नाही, पण पाटीवरच्या 'ग'वर तिनं बोट ठेवलं.

बुधवारी रंगराव कमिटीचा फॉर्म घेऊन पाहणीला आला. वाकून म्हणाला, "इथं लिव्हलं हाय, मूल अभ्यासाला बसले आहे काय. हे तर आडवे पडेल हायेत!"

"मग पडेल लिव्ह."

"तसा रकाना नाही ना, माय."

रकाना नव्हता, म्हणून त्यानं पलंगाच्या पायांखाली चार-चार विटा लावल्या. लेकरं आत उठून बसली. मग त्याला वाटलं, एकाच घरी अशी सोय दिसली तर बाकीचं गाव मागासलेलं दिसेल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत गावातले सगळे पलंग विटांवर चढले. कोकिळेची सासू पलंगावर चढली, तिला उतरवायला चौघे लागले. शाळेच्या वर्गातही बाकं काढून विटांवर सात पलंग मांडले.

"हे काय बे, रंगराव?" भागवत गुरुजींनी विचारलं.

"योजना," रंगराव म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी कमिटीचे तीन साहेब शाळेत आले, म्हणून मायलेकींसह आम्ही सगळे तिथंच जमलो. सातला भोंगा सुरू झाला आणि लेकरं भराभर पलंगांखाली गेली. गुरुजी हजेरीपट घेऊन एका पलंगाखाली गेले. मोठे साहेब म्हणाले, "वरून अभ्यास दिसत नाही," आणि पँट वर ओढून तेही शिरले. त्यांच्यामागे उरलेले दोघे, रंगराव, मी. लेस्याही दाराजवळच्या पलंगाखाली सरकली.

दारीना पहिल्या पलंगाकडे धावली. तिथं नुसते पाय. दुसऱ्याखाली साहेबांचं पोट. तिसरा, चौथा, सातवा, कुठंच जागा नाही. भोंगा चालूच होता. मी बाहेर यायला धडपडले, तर पदर विटेत अडकलेला.

ती वर्गाच्या मधोमध उभी राहिली. छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता, भिंतीवर पाल होती. काहीच पडलं नाही. मग तिनं चहूकडे खाली पाहिलं. सगळं गाव पलंगाखाली, बाहेर नुसते तळपाय, त्यातला एक साहेबांचा, मोज्याला भोक पडलेला. ती त्या मोज्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

भोंगा थांबायच्या आत ती जवळच्या पलंगावर चढली, मांडी घालून बसली आणि वही उघडली.

गुरुजींनी पलंगाखालूनच हजेरी घेतली. "समता." "हजर." "अश्विनी." "हजर." मग पटावर नसलेलं नाव, "दारीना."

वरून आवाज आला, "हजर."

लेस्या झटक्यात उठली आणि डोकं लोखंडाला आदळलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "ही वर कशी बसली?" रंगराव काही बोलायच्या आत त्यांनी फॉर्मवर लिहिलं: एक विद्यार्थिनी योजनेबाहेर. बक्षीस शेजारच्या गावाला गेलं.

गुरुजींनी मात्र तिथंच पालथं पडून पहिलीच्या पटावर तिचं नाव पेनानं लिहिलं.

मग सगळे एकेक करून निघाले, राहिले मी. दारीना खाली उतरली, आधी माझा पदर विटेतून सोडवला, मग दोन्ही हातांनी मला ओढायला लागली.