पाचवा रकाना

"पाचवा रकाना कोराच ठेवलाय तुम्ही," तक्त्यावर वाकून प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "या कामामुळे कोणाचं नुकसान होईल, ते लिहायचंय तिथे."

चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा बाकावर बसली होती. वनरक्षकाच्या नोकरीतली अठरा वर्षं पायपिटीत गेलेली. उद्दिष्ट, धोके, मुदत, जबाबदारी असं कागदावर मांडायची सवय नव्हती. तरी तीन दिवसांत तिने आराखडा उभा केला होता. नदीतल्या वाळूच्या बेटावर उन्हाळ्यात सुरय पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. नेमके तेव्हाच तिथे काकडीचे वेल लावले जातात, माणसांची ये-जा वाढते, अंडी पायाखाली जातात. उपाय सरळ होता. चार महिने बेट बंद.

बेटावर वेल लावणारा माणूस एकच होता. तिचा थोरला भाऊ.

नाव लिहावं तर चर्चा होणार, भरपाईचं निघणार, आराखडा लांबणीवर पडणार. शिवाय भावाची तरफदारी करते म्हणायला लोक मोकळे. तिने लिहून टाकलं, 'कोणाचंही नाही.'

आराखडा तिचाच मंजूर झाला. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. भावाला मात्र तिने एवढंच सांगितलं, "वरून आदेश आलाय, दादा."

"वरून आला म्हटल्यावर काय बोलायचं," तो म्हणाला, आणि बियांचा डबा त्याने वहिनीच्या हातात दिला.

त्या उन्हाळ्यात एकोणीस पिल्लं उडाली. आदल्या वर्षी तीन उडाली होती. पण तिला अन्न गोड लागेना. वहिनी आता दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची. वाटेत भेटली की हसून चौकशी करायची, तेच जास्त टोचायचं. शेवटी खूप खटपट करून तिने पुढच्या वर्षी दादाला बेटाचा राखणदार म्हणून लावून घेतलं.

महिन्याभराने ती पाहणीला गेली. दोघं वाळूतून चालत होती. तिने एकदाचं बोलून टाकलं.

"दादा, आदेश वरून नव्हता आला. आराखडा माझा होता."

"ठाऊक आहे. कचेरीत भिंतीवर लावलाय. राखणदारीच्या कागदावर सही करायला गेलो तेव्हा वाचला. तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीस?"

त्याने वाकून मूठभर वाळू उचलली.

"वाळू काय, नदीची. आज ना उद्या सोडावीच लागली असती. पण 'कोणाचंही नाही' असं लिहिलंस. माझं नाव तरी टाकायचंस गं."

डोक्यावरून एक सुरय ओरडत गेला. दादाने हात आडवा करून तिला थांबवलं. पुढ्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी होती.

"माझ्या पावलात पाऊल टाकून ये," तो म्हणाला, आणि वळसा घालून पुढे निघाला.