माझ्या पोटातलं स्वयंपाकघर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रंग मूळचा पांढरा. आता कधीच दात न घासणाऱ्याच्या दातांसारखा. माझ्या पोटात एक म्हातारी राहते.

तिचं नाव एल्वा. लिस्मोर गावच्या वर्ना प्राउसने, म्हणजे तिच्या मुलीने, आई जिवंत असताना तिचा आवाज टेपवर घेतला आणि माझ्यात तिचं अख्खं स्वयंपाकघर रचलं. पडद्यावरच्या वस्तूवर माऊसने टिचकी मारली की एल्वा बोलायची. किटलीवर मारली तर, "चहा घेणार, की नुसता भिंतीला टेकू देत उभा राहणार?" केकच्या डब्यावर मारली तर, "हात धुतलेस? खोटं बोलू नकोस, इथवर वास येतोय."

वर्नाने त्यात एक मेख मारून ठेवली होती. मी चालू असताना फार दिवस कुणी हात लावला नाही, की एक वस्तू कायमची नाहीशी व्हायची, आवाजासकट. "म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकलं की असंच होतं," ती म्हणायची.

गावोगावच्या प्रदर्शनांत पोरं माझ्या माऊससाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत. एल्वाची बोलणी खायला रांगा लागत. त्या काळात स्वयंपाकघरातला चमचासुद्धा हरवला नाही.

मग माझं नशीब उजळलं. ब्रिस्बेनच्या एका संग्रहालयाने मला ठेवा म्हणून विकत घेतलं.

"ही जात आता बनत नाही," जपणूक विभागाचा डेस्मंड हातमोजे चढवत म्हणाला. "माऊस झिजला की खेळ खलास."

त्याने मला काचेच्या पेटीत बसवलं. 'हिला हात लावत राहा' ही वर्नाची सूचना त्याने पेटीवर सुंदर अक्षरांत रंगवून घेतली. तिच्याखाली लिहिलं, 'कृपया हात लावू नये.'

मला मात्र रोज चालू ठेवत. कलाकृती जिवंत राहायला हवी ना!

आधी किटली गेली. मग केकचा डबा, रेडिओ, टेबल, खुर्च्या. लोक काचेसमोर थबकून म्हणत, "काय साधेपणा आहे!"

एक दिवस वर्ना आली. तीही आता म्हातारी झाली होती. लिस्मोरच्या पुरात तिच्या सगळ्या टेपा वाहून गेल्या होत्या. आईचा आवाज आता फक्त माझ्याकडे होता.

"अगदी वेळेवर आलात, वर्नाबाई!" डेस्मंडने पेटी उघडली. "कालच नव्या यंत्रावर प्रत काढली. हुबेहूब! एक ठिपका इकडचा तिकडे नाही. आता शंभर वर्षं चिंता नको."

वर्ना पडद्याकडे बघत राहिली. "किटली कुठंय?"

"कसली किटली? प्रत काढली तेव्हा हे असंच होतं."

एक दारच तेवढं उरलं होतं. वर्नाने डेस्मंडने दिलेल्या हातमोज्यातल्या बोटाने त्यावर टिचकी मारली.

"निघालीस? बरं," एल्वा म्हणाली. "जाळीचं दार ओढून घे. माश्या येतात."

वर्नाने पुन्हा टिचकी मारली. "निघालीस? बरं." पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"बाई, पुरे हं आता," डेस्मंड हळुवारपणे म्हणाला. "झिजेल ते."

त्याने काच लावली. जाताना वर्नाने दालनाचं दार मागे नीट ओढून घेतलं. माशी एकही नव्हती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. आता सांगत नाही. हाताळा, झिजवा, पाडा वाटल्यास. पण नुसतं बघत उभे राहू नका. माझ्याकडे एक दार उरलं आहे. माझी प्रत तळघरात कडीकुलपात सुरक्षित आहे.

तीही रोज चालू ठेवतात.