सेकंदाला साडेसहा

मित्रांनो, मी डिझेलवर चालणारी एक मोटारगाडी आहे. वय वर्षे एकोणीस. आमच्यात हे वय म्हणजे पिकले पानच. जुन्या गाड्या आपली कहाणी सांगायला बसल्या की किती चढ चढलो, किती लाख किलोमीटर धावलो, ते सांगतात. मलाही ते सांगता आले असते. पण आज मला माझा एक अपराध सांगायचा आहे. तो मी काही बोलून केला नाही, गप्प राहून केला.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग गडद निळा होता आणि आवाज खणखणीत. मला ज्यांनी घरी नेले ते घड्याळे दुरुस्त करीत. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. गिऱ्हाईक घाई करू लागले की ते सांगत, "घड्याळ आठवडाभर माझ्याकडे राहू द्या. ते चुकेल तेव्हा मी समोर असायला हवा." तीच शिस्त त्यांनी मलाही लावली. इंजिन थंड असताना त्यांनी मला कधीही रस्त्यावर काढले नाही. सकाळी मला सुरू करीत, दहा मिनिटे तशीच चालू ठेवीत, तोवर काचा पुसत, आणि मगच फाटक उघडत. त्यांची मुलगी गाडी शिकली ती माझ्यावरच. फाटकाच्या खांबाला मी घासले त्याची खूण डाव्या दारावर अजून आहे. ती रंगवून घेऊ या, असे मुलगी कितीदा म्हणाली. घड्याळजींनी ती राहू दिली.

पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तिची आई वारली, दुकान बंद झाले. घरात घड्याळजी उरले आणि अंगणात मी. आमचे बरे चालले होते.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या पोटातून टकटक येऊ लागली. बारीक, सुकी, नखाने पत्र्यावर वाजवावे तशी. घड्याळजींचा काच पुसणारा हात थांबला. त्यांनी बॉनेट उघडले, मान तिरपी केली आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. सहा-सात मिनिटांनी टकटक आपोआप थांबली.

त्याच दिवशी ते मला मेकॅनिककडे घेऊन गेले. पोहोचेपर्यंत मी चांगली तापले होते आणि शहाण्या मुलीसारखी एका सुरात चालत होते. मेकॅनिकने कान दिला, रेस देऊन पाहिली, बॉनेट लावून टाकले. असे तीनदा झाले. घड्याळजी म्हणाले, एकदा सकाळी घरी या. मेकॅनिक म्हणाला, घरोघरी जाऊ लागलो तर इथली कामे कोण करणार? गाडी ठेवून जातो म्हटले, तर जागा नव्हती. तिसऱ्या खेपेला घड्याळजींनी खिशातून एक वही काढली. मेकॅनिकचे हात तेलाचे होते. त्याने ती हातात घेतलीच नाही.

"काका, इंजिन मस्त आहे," तो म्हणाला. "आयुष्यभर घड्याळं कानाशी धरलीत ना, तीच वाजत असतील अजून."

बाकावर बसलेली माणसे हसली. घड्याळजीही हसले. वही परत खिशात गेली.

मुलगी रविवारी दुपारी यायची. तिला आणायला ते मलाच घेऊन स्टँडवर जात, म्हणजे तिच्या वाट्यालाही मी तापलेलीच. तिनेही कान देऊन ऐकले, आणि मी तिच्यापुढेही गप्प राहिले. "एकदा सकाळची ये," ते तिला म्हणत. ती पुढच्या महिन्यात नक्की म्हणे. तिला कामे होती, ते खोटे नव्हते. मग तिने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. वयाच्या मानाने ऐकू थोडे कमी येते, असे निघाले. नसलेले आवाज ऐकणारा माणूस रस्त्यावर गाडी चालवतो, या विचाराने तिची झोप उडाली असावी. एका रविवारी मला अंगणात लावून ते उतरत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, किल्ली काही दिवस माझ्याकडे असू दे."

त्यांनी वाद घातला नाही. जुडग्यातून माझी किल्ली सोडवायला त्यांना वेळ लागला, एवढेच. ज्या बोटांनी केसाएवढे स्क्रू फिरवले, त्यांना ती कडी उघडेना.

त्यानंतरही ते रोज सकाळी येत. दार मी नुसत्या खटक्यावर उघडत असे, त्याला किल्ली लागत नसे. काचा पुसून होत आणि मग ते दहा मिनिटे चाकामागे बसत. महिना असाच गेला. एका सकाळी ते आले नाहीत, आणि नंतर कधीच आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

काही दिवसांनी मुलगी मला विकायचे ठरवून आली. रात्री घरातच राहिली आणि थंडीच्या सकाळी तिने माझी किल्ली फिरवली.

टक, टक, टक.

तिने मला बंद केले. पुन्हा सुरू केले, तर टकटक होतीच. मग तिने समोरचा कप्पा उघडला. त्यात वही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक घरी आला. या वेळी मला आधी सुरू करून ठेवले नव्हते. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनवर आणि मूठ कानाशी धरली, एकेका ठिकाणी ऐकत गेला, आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबला. तिथे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडल्याबरोबर बुडबुडे आले. तिथला तांब्याचा वॉशर झिजला होता. थंड असताना फटीतून दाब निसटायचा, तीच टकटक. तापून धातू फुगला की फट बुजायची. म्हणजे घड्याळजी ज्या दहा मिनिटांत माझी काळजी घेत होते, त्याच दहा मिनिटांत मी त्यांचा पुरावा पुसून टाकत होते.

मेकॅनिकने हात पुसले आणि वही मागितली. रकाने आखलेले होते: तारीख, इंजिन थंड की गरम, सेकंदाला किती ठोके. 'थंड' लिहिलेल्या प्रत्येक ओळीत साडेसहा. त्याने रकान्यावरून बोट खालपर्यंत फिरवले. म्हणाला, चारही सिलिंडर वाजत असते तर ठोके याच्या चौपट पडले असते. एकच वाजतोय, हे यातच लिहिलेले आहे.

"हे काकांनी मला दाखवायला हवं होतं."

"दाखवलं होतं," मुलगी म्हणाली. "तुम्ही हसलात." आणि मग हळू आवाजात, "आणि मी किल्ली काढून घेतली."

वहीत चौथा रकाना होता, 'आणखी कोणी ऐकली?' त्याच्याखाली ओळीने, एकाच वळणाच्या अक्षरात, 'नाही, नाही, नाही' असे शेवटच्या पानापर्यंत लिहिलेले होते. मुलीने खाली कालची तारीख घातली. थंड. साडेसहा. चौथ्या रकान्यात तिने 'मी' असे लिहिले.

तिने मला विकले नाही. नवा वॉशर बसला आणि माझा आवाज स्वच्छ झाला. लोक कौतुक करतात, तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. धातू तापला की फुगणारच, ते माझ्या हाती नव्हते, हे मला कळते. पण लाज काही अशी समजूत घालून जात नाही.

मित्रांनो, गाडीचे तेल वेळेवर बदला, काचा पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढेच मागते. घरातले कोणी म्हणाले, मला काहीतरी ऐकू येते आहे, तर आपल्याला सवड होईल तेव्हा जाऊ नका. त्यांना ते ऐकू येते त्या वेळी जा, आणि शेजारी उभे राहा.